नऊ दारे आणि एक गुरुवार : कारखान्यातील कार्डप्रणालीचे एक प्रकरण

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी देखभाल विभागाचे काम पाहत असताना दारांवर कार्डप्रणाली बसवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. कारखाना वाहनांचे सुटे भाग बनवणारा होता. तळमजल्यावर यंत्रशाळा, स्टोअर आणि मापन कक्ष, वर दोन मजले कार्यालय, आणि माणसे सुमारे एकशे ऐंशी, त्यांतली एक तृतीयांश कंत्राटी. एका मोठ्या ग्राहकाच्या तपासनीसाने वार्षिक तपासणीच्या अहवालात दोन ओळी लिहिल्या आणि विषय सुरू झाला. नव्या भागांची ड्रॉइंग ज्या डिझाइन खोलीत असतात तेथे कोण कधी गेले याची नोंद नाही, ही पहिली ओळ. मापन कक्षात कोणीही जाऊ शकतो, ही दुसरी. दोन्ही उणिवा नव्वद दिवसांत दूर कराव्यात असे खाली लिहिले होते.

त्याआधीची व्यवस्था किल्ल्यांची होती. सिक्युरिटी केबिनमध्ये खिळे ठोकलेली एक लाकडी पाटी होती, तिच्यावर बेचाळीस किल्ल्या लटकत आणि शेजारी ‘चावी नेली – चावी दिली’ अशा रकान्यांची वही असे. मी ती वही मागवली तेव्हा एका पूर्ण महिन्याच्या नोंदी एकाच अक्षरात आणि एकाच पेनने केलेल्या आढळल्या, म्हणजे महिनाअखेरीस बसून वही भरली गेली होती. डिझाइन खोलीच्या किल्लीच्या सहा प्रती आम्हाला माहीत होत्या. रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून आणखी किती करून घेतल्या गेल्या ते सांगायला कोणीच पुढे आले नाही.

याच सुमारास टूल स्टोअरमधील कार्बाइड इन्सर्टची (धातू कापणाऱ्या हत्यारांच्या बदलत्या पात्यांची) तूट वाढत होती, आणि व्यवस्थापनाने दोन्ही गोष्टी एकत्र बांधून खर्चाचा प्रस्ताव मंजूर केला. माझे मत तेव्हाही वेगळे होते: इन्सर्ट दारातून चोरीला जात नव्हते, इश्यू स्लिपच्या, म्हणजे माल देताना लिहायच्या चिठ्ठीच्या, ढिलाईतून जात होते. परंतु दोन कारणे असली की प्रस्ताव लवकर पुढे सरकतो हे जाणून मी त्या बैठकीत फारसे बोललो नाही.

कार्ड कोणते

तीन कोटेशन आली. एका विक्रेत्याने बोटांच्या ठशांचे यंत्र सुचवले होते. ते आम्ही पहिल्याच चर्चेत बाजूला ठेवले, कारण यंत्रशाळेतील माणसाच्या हाताला कूलंट आणि बीडाची बारीक भुकटी लागलेली असते, कित्येकांच्या बोटांवरच्या रेषा वर्षानुवर्षांच्या कामाने झिजलेल्या असतात, आणि ज्याचा ठसा चौथ्या प्रयत्नातही घेतला जात नाही तो माणूस पाचव्यांदा बोट ठेवण्याऐवजी दार उघडे ठेवण्यासाठी विटेचा तुकडा शोधतो. शिवाय कार्ड हरवले तर नवे देता येते. बोटाच्या ठशाची माहिती एकदा बाहेर गेली की ती बदलून देण्याची सोय नाही.

दुसऱ्या विक्रेत्याचा प्रस्ताव सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांना पसंत पडलेला होता. आमच्याकडे हजेरीच्या पंचिंगसाठी पूर्वीपासून जाड पांढरी कार्डे होती. तीच दारांसाठीही वापरावी, म्हणजे नवीन कार्डांचा खर्च वाचेल, असे त्याचे म्हणणे. ही कार्डे १२५ किलोहर्ट्झवर चालणारी, ईएम जातीची होती. त्यांच्यात कोणतेही गुप्तलेखन नसते. रीडरचे, म्हणजे दाराजवळच्या कार्ड वाचणाऱ्या यंत्राचे, चुंबकीय क्षेत्र लागले की कार्ड आपला ठरलेला क्रमांक बोलून दाखवते, आणि जो कोणी ऐकायला जवळ येईल त्या प्रत्येकाला तोच क्रमांक सांगते. (येथे एक गमतीचा घोळ झाला. त्याच कोटेशनमध्ये ‘ईएम कार्ड’ आणि ‘ईएम लॉक’ असे दोन्ही शब्द होते, आणि खरेदी विभागाने दोन्ही एकाच कंपनीचे म्हणून एकत्रित सवलत मागितली. कार्डातील ईएम हे चिप बनवणाऱ्या स्विस कंपनीच्या नावातले, तर लॉकमधील ईएम म्हणजे केवळ इलेक्ट्रोमॅग्नेटिक.)

तोंडी समजावून उपयोग होईना तेव्हा आमच्या आयटी विभागातील एका तरुणाने बाजारातून कार्डाची नक्कल करणारे हातात मावणारे यंत्र आणले. पुढच्या बैठकीत त्याने संचालकांची परवानगी घेऊन त्यांचे कार्ड त्या यंत्राला लावले, मग एक कोरे, पुन्हा लिहिता येणारे कार्ड लावले, आणि त्या दुसऱ्या कार्डाने हजेरीच्या यंत्रावर संचालकांचे नाव झळकावून दाखवले. सगळे मिळून अर्धे मिनिटही लागले नाही. त्यानंतर जुन्या कार्डांचा विषय कोणी काढला नाही.

मग तिसरा विक्रेता ‘मायफेअर’ घेऊन आला. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारे मायफेअर क्लासिक कार्ड १९९४ मध्ये बाजारात आले आणि जगभर पसरले. त्याचे गुप्तलेखन ४८ बिटांच्या किल्लीवर (म्हणजे गुप्त आकड्यावर) आधारलेले आहे आणि त्याची रचना कंपनीने गुप्त ठेवली होती. २००८ मध्ये नेदरलँड्समधील नायमेखन येथील रॅडबाऊड विद्यापीठाच्या संशोधकांनी ते फोडून दाखवले. चिप बनवणाऱ्या कंपनीने संशोधन प्रसिद्ध होऊ नये म्हणून न्यायालयात धाव घेतली, परंतु त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने प्रसिद्धी रोखण्यास नकार दिला. म्हणजे ज्या कार्डाचे दोष इतक्या वर्षांपूर्वी चव्हाट्यावर आले होते, तेच आम्हाला ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणून सांगितले जात होते. त्याहून मोठी अडचण अशी की त्या विक्रेत्याचा रीडर कार्डातील संरक्षित भाग वाचतच नव्हता. तो फक्त चिपचा उघडा अनुक्रमांक वाचत होता. असा रीडर लावल्यावर कार्ड कितीही महागडे घेतले तरी त्याचा उपयोग पांढऱ्या जाड कार्डाएवढाच. कार्डाची आणि रीडरची निवड एकत्रच तपासावी लागते, ही गोष्ट कोटेशनच्या वेगवेगळ्या ओळींत हरवून जाते.

शेवटी डेसफायर जातीची कार्डे ठरली. त्यांत एईएस या प्रमाणित पद्धतीचे १२८ बिटांचे गुप्तलेखन असते आणि कार्ड व रीडर एकमेकांची ओळख पटवल्याशिवाय क्रमांक देत-घेत नाहीत. आमच्या कोटेशनमध्ये त्यांची किंमत जुन्या कार्डाच्या सुमारे आठपट होती. एक अट मी करारात आवर्जून घातली: कार्डात भरलेल्या गुप्त किल्ल्या विक्रेत्याकडे न राहता आमच्याकडे सीलबंद पाकिटात राहतील. असे केले नाही तर पुढची दहा वर्षे प्रत्येक नव्या कार्डासाठी त्याच विक्रेत्याच्या दारात उभे राहावे लागते.

दारांची यादी

पहिल्या प्रस्तावात एकतीस दारे होती. ती यादी नकाशावर बसून केलेली होती. मी सिक्युरिटी सुपरवायझरना बरोबर घेऊन पहिल्या पाळीच्या वेळी प्रत्येक दारापाशी दहा मिनिटे उभा राहिलो. कॅन्टीनच्या दारातून जेवणाच्या सुट्टीत शंभर माणसे पाच मिनिटांत जातात. तेथे कार्ड लावणे म्हणजे रोज दुपारी रांग आणि रोज दुपारी भांडण. जिन्याची दोन दारे आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या मार्गावर होती. मालाच्या शटरमधून फोर्कलिफ्ट दिवसभर ये-जा करते. अशी एकेक गळत शेवटी नऊ दारे उरली: कार्यालयाचे मुख्य काचेचे दार, डिझाइन खोली, सर्व्हर खोली, लेखा विभाग, स्टोअर, टूल स्टोअर, मापन कक्ष, आणि यंत्रशाळेतून कार्यालयाकडे जाणारी दोन दारे.

मापन कक्षाच्या प्रमुखांची मागणी सगळ्यांहून वेगळी होती. लांबीच्या मापनासाठी प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरले जाते, आणि त्यांच्या कक्षाचे दार लोक उघडे टाकून जात असल्यामुळे ते टिकत नसे. त्यांनी कार्डाचे काही विचारले नाही, फक्त म्हणाले, “साहेब, दार आपोआप लागेल ना, तेवढे बघा.” पुढच्या अनुभवावरून सांगतो, नऊही दारांवर सर्वाधिक उपयोगी ठरलेली वस्तू डोअर क्लोजर हीच होती. दार चौकटीला पूर्ण भिडले नाही तर कुलूप कितीही ताकदीचे असो, ते हवेला धरून बसते.

यादी पक्की करताना प्रत्येक दारासाठी एकच प्रश्न लेखी विचारायला हवा होता, आणि तो आम्ही अर्धवट विचारला: वीज गेल्यावर हे दार उघडे राहावे की बंद? विक्रेत्याने नऊही दारांना चुंबकीय लॉक लावले होते. चौकटीवर विद्युतचुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी, अशी त्याची रचना असते. वीज असेपर्यंत सुमारे २८० किलोच्या ताकदीने पट्टी धरून ठेवायची आणि वीज गेली की सोडून द्यायची. कोटेशनमध्ये त्यापुढे ‘फेल-सेफ’ असे लिहिलेले होते. स्टोअरकीपरने ते वाचून समाधानाने सही केली. त्यांच्या समजुतीप्रमाणे ‘सेफ’ म्हणजे माल सुरक्षित. प्रत्यक्षात त्या शब्दातील सुरक्षितता आत अडकू शकणाऱ्या माणसाची आहे, मालाची नव्हे. मला फरक माहीत होता, तरी त्या सहीच्या वेळी मी त्यांना थांबवले नाही, कारण वीज जाईल तेव्हा बॅटरी आहेच, असे मी गृहीत धरले. ते गृहीत किती टिकले ते पुढे येईल.

आगीचा प्रश्न मात्र आम्ही नीट हाताळला. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेचा चौथा भाग अग्निसुरक्षेचा आहे, आणि इमारतीत माणसे असताना बाहेर पडण्याच्या मार्गावरील दारे आतून सहज उघडता आली पाहिजेत हे त्याचे मूळ सूत्र आहे. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून प्रमाणपत्रही घ्यावे लागते. त्या संस्थेच्या अभियंत्यालाच आम्ही काम सुरू होण्यापूर्वी बोलावले आणि आगीच्या अलार्म पॅनेलमधून एक रिले (विजेने चालणारा स्विच) घेऊन अलार्म वाजताच सर्व चुंबकीय लॉकचा पुरवठा तुटेल अशी जोडणी आराखड्यातच घातली.

तारा

बसवण्याच्या कामाला अकरा दिवस लागले आणि त्यांतले पाच दुरुस्तीत गेले.

पहिली चूक आराखड्यातच पकडली. लेखा विभाग आणि टूल स्टोअर या दोन दारांसाठी विक्रेत्याने ‘स्टँडअलोन’ रीडर दिले होते, म्हणजे कुलूप उघडणारा रिले रीडरच्याच डबीत, दाराच्या बाहेरच्या बाजूला. दोन स्क्रू काढून आतल्या दोन तारा एकमेकींना लावल्या की असे दार कार्डाशिवाय उघडते. कंट्रोलर, म्हणजे क्रमांक तपासून दार उघडायचे की नाही ते ठरवणारे यंत्र, आतल्या, बंद बाजूलाच हवा आणि बाहेर फक्त रीडर, हा नियम आम्ही नऊही दारांना लावला. डिझाइन, सर्व्हर आणि स्टोअर या तीन दारांना आणखी एक पायरी पुढे गेलो. रीडरपासून कंट्रोलरपर्यंत क्रमांक पोहोचवण्याची वीगँड ही जुनी आणि सर्वत्र चालणारी पद्धत आहे. तिच्यात क्रमांक तारेतून उघडाच जातो, आणि सर्वांत प्रचलित २६ बिटांच्या मांडणीत कार्डाच्या क्रमांकाला जेमतेम सोळा बिट मिळतात. कार्डात एईएस असूनही तारेत ते उरत नसेल, तर भिंतीबाहेरची तार हा कच्चा दुवा ठरतो. म्हणून त्या तीन दारांना दोन्ही बाजूंनी बोलणारी, गुप्तलेखन असलेली ओएसडीपी पद्धत घेतली.

तिसऱ्या दिवशी कार्यालयाचे मुख्य दार बसवून झाले, आणि रिसेप्शनवरच्या बाईंनी सहज जोरात ओढले तर ते उघडले. विक्रेत्याच्या मुलाने ‘लॉक खराब आहे’ म्हणून दुसरे लावले, तेही उघडले. मी मल्टिमीटर लावला. पुरवठ्याच्या डब्याजवळ १२ व्होल्ट होते, लॉकच्या टोकाशी ९.८. कारण शोधायला वर छतात पाहावे लागले. लॉकसाठी जाड दोन-कोअर तार ठरली होती, परंतु ती संपली म्हणून मुलांनी संगणक जोडण्याची उरलेली कॅट-सिक्स केबल ओढून तिच्या एका जोडीतून लॉक चालवले होते. अंतर चाळीस मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ऐंशी मीटर. त्या केसासारख्या तारेचा रोध तेवढ्या लांबीत पाच ओहमच्या वर जातो आणि अर्धा अँपिअर ओढणाऱ्या लॉकच्या वाट्याचे दोन-सव्वादोन व्होल्ट वाटेतच खर्च होतात. दीड चौरस मिलिमीटरची तार ओढल्यावर लॉकशी ११.५ व्होल्ट मिळाले.

तरीही दार पूर्ण समाधानकारक धरत नव्हते, आणि ती दुसरी चूक अधिक बारीक होती. दारावरची लोखंडी पट्टी फिटरने चांगली आवळून बसवली होती. वास्तविक ती मध्यभागी रबरी वॉशरवर किंचित डुलती ठेवायची असते, म्हणजे ती चुंबकाच्या पृष्ठभागाशी आपोआप सपाट जुळते. घट्ट बसवलेली पट्टी एका कडेने कागदाइतकी जरी उचललेली राहिली तरी पकड ढासळते. ‘जितके आवळाल तितके मजबूत’ हा यंत्रशाळेतला संस्कार या एका जागी उलटा पडतो, आणि ते आमच्या अनुभवी फिटरला पटवायला मला अर्धा तास लागला.

लॉक सुटताना कंट्रोलर मध्येच पुन्हा सुरू होण्याचा त्रास दोन दारांवर होता. लॉकच्या टोकांवर उलट दिशेने डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावल्यावर तो थांबला. यंत्रशाळेकडील एका रीडरची केबल मोटारींच्या पॉवर केबलच्याच ट्रेमधून नेली होती, ती वेगळी केली.

सर्व जोडून झाल्यावर आम्ही अलार्मची चाचणी घेतली. अलार्म वाजताच दारे सुटली, सगळे खूश झाले. मग अग्निसुरक्षेच्या अभियंत्याने एक विचित्र वाटणारी मागणी केली: कंट्रोलरचाच पुरवठा बंद करा आणि आत कोंडल्याची कल्पना करून बाहेर पडून दाखवा. कंट्रोलर बंद केला. लॉकचा पुरवठा वेगळा असल्यामुळे लॉक चालूच राहिले, कारण कंट्रोलरचा रिले दार उघडताना ओढला जातो, नसता तो लॉकला वीज पोहोचवतच राहतो. एक्झिट बटण दाबले, काही नाही. ते कंट्रोलरला संदेश देते आणि ऐकायला कंट्रोलर नव्हता. हिरव्या डबीतली ब्रेक ग्लासची काच दाबली, तरीही दार हलले नाही. विक्रेत्याने ब्रेक ग्लाससुद्धा कंट्रोलरच्या इनपुटलाच जोडले होते. म्हणजे संकटासाठी लावलेली वस्तू ज्या यंत्राने मान टाकली त्याच यंत्राला विनंती करत होती. नऊही ठिकाणी ती जोडणी बदलून ब्रेक ग्लास थेट लॉकच्या पुरवठ्याच्या तारेत घातले, म्हणजे काच दाबताच वीज तुटते आणि त्यासाठी कोणाच्या संमतीची गरज उरत नाही. या एका चाचणीसाठी मी त्या अभियंत्याचा आजही ऋणी आहे. माझ्या यादीत ती नव्हती.

गुरुवार

या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि वीजवाहिनीच्या देखभालीची कामेही सुट्टी पाहून गुरुवारीच काढली जातात. प्रणाली सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता नियोजनाप्रमाणे वीज बंद झाली. कारखान्यात जनरेटर आहे, परंतु सुट्टीच्या दिवशी तो चालवण्याचे कारण नाही आणि सुरक्षारक्षकांना तो सुरू करण्याची मुभाही नाही. दुपारी साडेबाराच्या फेरीत रक्षकाचा हात स्टोअरच्या दाराला लागला आणि दार उघडले. त्याने डिझाइन खोलीचे ढकलून पाहिले; तेही उघडे. सर्व्हर खोलीचेही तसेच. त्याने मला फोन केला आणि एवढेच म्हणाला, “साहेब, सगळी दारं मोकळी आहेत.”

हिशेब कागदावर मांडला असता तो आधीच दिसला असता. एका पुरवठ्याच्या डब्यावर चार दारे होती. चार लॉकचे दोन अँपिअर, कंट्रोलर व रीडरचे मिळून साधारण ०.६, म्हणजे एकूण २.६ अँपिअर. बॅटरी ७ अँपिअर-तासांची. भागाकार केला तर पावणेतीन तासांच्या आत येतो. परंतु बॅटरीवर छापलेली क्षमता वीस तासांत सावकाश वापरण्याच्या हिशेबाची असते आणि इतक्या जोरात ओढल्यावर ती तेवढीही देत नाही. अकराच्या सुमारास चुंबकांनी पट्ट्या सोडल्या असाव्यात. किल्ल्यांच्या काळात, वही खोटी असली तरी, गुरुवारी स्टोअरला कुलूप असे. लाखो रुपयांची प्रणाली बसवून आम्ही सुट्टीच्या दिवशी कारखाना अधिक उघडा केला होता, आणि त्या दीड तासात कोण आत गेले याची नोंदही नव्हती, कारण नोंद करणारा कंट्रोलर त्याच बॅटरीवर होता.

मोजणी केली, काही गेलेले नव्हते. विक्रेत्याने मोठ्या बॅटऱ्यांचे कोटेशन पाठवले. ते अर्धे उत्तर होते, कारण बॅटरी कितीही मोठी असली तरी एखादा गुरुवार तिच्याहून लांब निघू शकतो. आम्ही दारे पुन्हा दोन गटांत लावली. मुख्य दार, यंत्रशाळेकडील दोन दारे, लेखा विभाग आणि मापन कक्ष येथे माणसांची वर्दळ मोठी आणि आत अडकण्याचा धोका महत्त्वाचा. तेथे वीज गेल्यावर सुटणारे चुंबकीय लॉकच ठेवले. स्टोअर, टूल स्टोअर, डिझाइन आणि सर्व्हर खोली येथे वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहणारे विद्युत कुलूप बसवले. त्याच्या आतल्या बाजूला साधी यांत्रिक मूठ असते आणि ती फिरवली की वीज असो वा नसो, आतला माणूस बाहेर येतो. असे कुलूप दार उघडतानाच वीज घेते, त्यामुळे बॅटरीवरचा भारही मोठ्या प्रमाणात उतरला. या बदलात चार चुंबकीय लॉक वाया गेले, आणि तो खर्च माझ्या त्या न बोललेल्या वाक्याचा होता. स्टोअरकीपरनी नव्या कागदावर सही करण्यापूर्वी मला दोनदा विचारले, “आता सेफ म्हणजे नक्की कोण सेफ?”

यादी कोणाची

यंत्रे सुरळीत झाल्यावर उरलेले प्रश्न माणसांचे होते. कामगार प्रतिनिधींनी पहिल्याच बैठकीत विचारले की चहाला किंवा प्रसाधनगृहात किती वेळ लागला हे आता यातून मोजले जाणार का. शंका रास्त होती, कारण व्यवस्थापनातील एकाने तसे बोलून दाखवलेही होते. लेखी ठरले ते असे: दारांच्या नोंदी पगार किंवा हजेरीला जोडल्या जाणार नाहीत, नव्वद दिवसांनी त्या पुसल्या जातील, आणि त्या पाहायच्या तर मनुष्यबळ विभागाचे प्रमुख आणि देखभाल प्रमुख या दोघांनी मिळून, कारण लिहूनच पाहायच्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा डोळ्यांपुढे होताच, पण कायदा नसता तरी हे ठरवावे लागले असते. ज्या यंत्रावर माणसांचा विश्वास नाही त्याच्या दारात वीट ठेवली जाते.

एका कार्डाने एकदाच आत, बाहेर पडल्याशिवाय पुन्हा आत नाही, असा नियम डिझाइन खोलीला बारा दिवस लावून पाहिला. दोन सहकारी बोलत बोलत एकाच कार्डावर बाहेर पडले की दुसरा यंत्राच्या लेखी आतच राही आणि सकाळी त्याचे कार्ड नाकारले जाई. रोज दोन-तीन तक्रारी येऊ लागल्या आणि तेराव्या दिवशी नियम काढला. एकामागोमाग घुसणे थांबवायला फिरते दार लागते. सॉफ्टवेअरमधल्या खुणेने ते होत नाही.

सर्वांत अवघड निघाली ती यादी. कंत्राटी माणूस सोडून गेल्याचे ठेकेदाराला कळे, ठेकेदाराकडून वेतनाच्या वेळी मनुष्यबळ विभागाला, आणि तेथून आमच्याकडे कधी येईल ते सांगता येत नसे. पहिल्या तिमाहीच्या पडताळणीत निघून गेलेल्या चौदा माणसांची कार्डे चालू सापडली, त्यांतली एक टूल स्टोअरची. त्यानंतर कंत्राटी कार्डांना गेटपासप्रमाणे तीस दिवसांची मुदत घातली. मुदत वाढवायला ठेकेदाराची सही लागते. सही आली नाही तर कार्ड आपोआप बंद पडते. माणूस गेल्याचे कळवण्यात ठेकेदाराला उत्साह नव्हता, परंतु माणूस कामावर अडला की तो धावत येतो.

नव्वद दिवसांची मुदत गुरुवारच्या प्रकारामुळे उलटली होती. ग्राहकाकडून एक महिना वाढवून घ्यावा लागला. तपासनीस आले तेव्हा त्यांनी डिझाइन खोलीच्या तीन दिवसांच्या नोंदी मागितल्या आणि रात्री अकराच्या एका प्रवेशावर बोट ठेवले. तो प्रवेश माझाच होता, वातानुकूलन यंत्र गळत होते म्हणून. दुरुस्तीचा परवाना दाखवला, नोंदीतली वेळ आणि कॅमेऱ्यातली वेळ यांत चार मिनिटांचा फरक का, हेही विचारून झाले, आणि दोन्ही उणिवा बंद झाल्या. कंट्रोलर आणि कॅमेरे एकाच सर्व्हरच्या घड्याळावर त्यानंतरच्या आठवड्यात आणले.

किल्ल्यांची लाकडी पाटी अजून केबिनमध्ये आहे. तिच्यावर आता मुख्यतः शटरच्या आणि कपाटांच्या किल्ल्या असतात, आणि चार विद्युत कुलपांच्या यांत्रिक किल्ल्या एका सीलबंद पाकिटात खाली टांगलेल्या असतात. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मुख्य स्विच बंद करून रक्षक नऊही दारे हाताने ढकलून पाहतो आणि कोणते किती वाजता सुटले ते लिहितो. टूल स्टोअरमधील इन्सर्टची तूट कार्ड बसल्यानंतरच्या पहिल्या मोजणीत जवळजवळ पूर्वीइतकीच निघाली, आणि तिच्यासाठी इश्यू स्लिपची नवी, तीन प्रतींची पुस्तके छापून आणावी लागली.